धागा : बीव्हर, पाणथळ जागा आणि आपले फाल्गुनातच कोरडे पडणारे नाले

पांझराकाठ :
मंडळी, बीव्हरवर धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. हा प्राणी भारतात जंगलात कुठंच नाही, मग खान्देशवाल्यांना त्याचं काय असं कोणाला वाटेल, पण नाला अडवणं आणि पाणी जिरवणं यावर आपण इथं इतके वाद घालतो की ज्याचं अख्खं आयुष्यच नाला अडवण्यात जातं त्याच्याबद्दल एकदा नीट बोलायलाच हवं.

आधी ओळख. उंदीर-खारीसारखाच कुरतडणारा प्राणी, पण वजन साधारण १६ ते ३० किलो. दोन जाती आहेत, एक उत्तर अमेरिकेतली, एक युरोप-आशियातली. पुढचे दात नारिंगी, कारण दाताच्या वरच्या थरात लोह असतं, त्यामुळं ते कडक होतात आणि झाडाचं खोड कुरतडू शकतात. मासे अजिबात खात नाही, निव्वळ शाकाहारी, झाडाची आतली साल, कोवळ्या फांद्या, पाण्यातल्या वनस्पती.

आता बांध का घालतो? जमिनीवर तो मंद आहे, लांडग्याच्या अस्वलाच्या तावडीत सहज सापडतो, पाण्यात मात्र त्याला कोणी धरू शकत नाही, एका दमात दहा-पंधरा मिनिटं पाण्याखाली राहतो. म्हणून त्याला घराभोवती खोल पाणी लागतं. फांद्या, चिखल, दगड रचून ओढा अडवायचा, मागं तळं झालं की त्यात काटक्यांचं घर करायचं आणि त्या घराचं दार पाण्याखाली ठेवायचं. थंड प्रदेशात वर बर्फ धरतो तेव्हा पाण्याखाली साठवून ठेवलेल्या फांद्यांवर कुटुंब हिवाळा काढतं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. एकच बांध घालून तो थांबत नाही, एकाच ओढ्यावर खाली-वर अनेक ठेंगणे बांध घालतो, आणि ते सगळे गळके असतात. पाणी अडतं, आजूबाजूला पसरतं, काठच्या जमिनीत मुरतं, बांधातून झिरपत पुढं जातं, परत पुढच्या बांधाला थबकतं. शिवाय तो तळ्यापासून झाडांपर्यंत छोटे चर खोदतो, फांद्या तरंगत आणायला, त्यानं पाणी अजून लांब जातं. गाळ तळाशी बसतो, विहिरींची पातळी म्हणतो ना आपण ती काठाकाठानं वर येते, बेडूक, चतुर, बदकं, मासे सगळे गोळा होतात, पाण्यात बुडून वाळलेल्या झाडांत सुतार पक्षी घरं करतात. एका प्राण्यामुळं ओढ्याची पाणथळ होते. म्हणून शास्त्रज्ञ त्याला परिसंस्थेचा इंजिनिअर म्हणतात.

आणि तो नसला की काय होतं तेही बघा. युरोपियन लोक यायच्या आधी उत्तर अमेरिकेत ६ कोटी ते ४० कोटी बीव्हर असावेत असा अंदाज आहे. त्याच्या केसांपासून टोप्यांचा नमदा बनायचा, युरोपात त्या टोप्यांची भयंकर फॅशन, १६७० मध्ये हडसन्स बे कंपनी निघाली ती मुख्यतः या कातड्यांच्या व्यापारासाठी. १९०० च्या सुमारास लाखभर उरले. युरोप-आशियातले तर हजार-बाराशेच. बांध दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही, बांध फुटले, पाणी एकाच धारेत जोरात पळायला लागलं, त्यानं ओढ्याचा तळ खरवडला, ओढे खोल आणि अरुंद झाले, आणि ओढा खोल गेला की काठच्या जमिनीतलं पाणीही त्याच्याबरोबर खाली गेलं. रुंद ओली खोरी कोरडी झाली. नंतर आलेल्या पिढ्यांना वाटलं ओढा असाच असतो, खोल, सरळ, एका धारेचा.

हे वाचताना मला आपल्याकडचे नाले डोळ्यासमोर आले. तुमचं काय म्हणणं आहे सांगा.

मायबोली_चाळीसगाव :
भाऊ, बठ्ठं वाचं. आमना गावना नालामा पहिले पोरे उन्हाळामा बी पोहेत, आते होळीपासून त्यामा थेंबभर पानी ऱ्हात नही. काठवरना जांभुळ बी वाळी ग्यात. तुमनं ते शेवटनं वाक्य मनले लागनं.

विद्यार्थी_जळगाव :
मस्त माहिती दादा. एक प्रश्न, मग सरकारनं थोडे बीव्हर आणून सातपुड्यात सोडून बघायला काय हरकत आहे? चित्ते आणले तसे.

पांझराकाठ :
@विद्यार्थी_जळगाव नको रे बाबा, हे अजिबात करायचं नाही. १९४६ मध्ये अर्जेंटिनानं कातड्याचा धंदा काढायला कॅनडातून थोडेसे बीव्हर आणून दक्षिणेच्या टोकाला, तिएरा देल फुएगो बेटावर सोडले. धंदा काही उभा राहिला नाही, बीव्हर मात्र लाखाच्या आसपास गेले आणि खाडी पोहून चिलीच्या मुख्य भूमीवरही पोचले. त्यांना खाणारा प्राणी तिथं नाही आणि तिथली झाडं तोडल्यावर परत फुटत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या ओढ्याकाठच्या विलो झाडाचं तसं नाही, बीव्हरनं बुंध्याशी कापला तरी जोमानं फुटतो, हजारो वर्षं दोघं एकमेकांच्या सवयीनं वाढलेत. तिएरा देल फुएगोत जंगलच्या जंगल पाण्यात उभं मेलं. आता दोन्ही देश त्यांना काढायला पैसे खर्च करतायत. चित्ता निदान कधीकाळी आपल्याकडं होता, बीव्हर आपल्या नद्यांचा नाहीच. त्याची पद्धत घ्यायची, तो नाही.

गिरणेचं_पाणी :
धागा चांगला आहे, पण मी जलसंधारणाच्या कामात नोकरी काढलेला माणूस आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. आपला पाऊस वेगळा. चार महिन्यांत येतो आणि त्यातलाही मोठा हिस्सा मोजक्या दिवसांत कोसळतो. अमळनेर-पारोळ्याकडचा नाला सकाळी कोरडा आणि दुपारी दोन पुरुष पाणी असा असतो. त्यात काटक्या-चिखलाचा बांध एक पूर काढणार नाही. म्हणून तर आपण सिमेंट नाला बांध, गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेले बांध करतो. बर्फ वितळून हळूहळू पाणी येणाऱ्या देशातलं उदाहरण इथं जसंच्या तसं लावता येत नाही.

भुसावळकर_डेव्हन :
आप्पा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण मी सध्या इंग्लंडमध्ये डेव्हनला राहते, इथलं जे माहीत आहे ते सांगते.

इंग्लंडमधून बीव्हर चार-पाचशे वर्षांपूर्वीच संपले होते, शिकारीनं. इथल्या ऑटर नावाच्या नदीवर ते परत दिसायला लागले, कोणी सोडले कोणाला माहीत नाही, २०१४ मध्ये पिल्लं असल्याचं व्हिडिओत दिसलं. सरकार पकडून न्यायला निघालं, लोकांनी विरोध केला, शेवटी २०१५ ते २०२० पाच वर्षं रीतसर अभ्यास झाला आणि मग त्यांना कायम राहू दिलं. या नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या खाली ईस्ट बडली नावाचं गाव आहे, पूर यायचा तिथं. वर बीव्हरनं बांधांची रांग घातल्यावर पुराचा जोर मोजण्याइतका कमी झाला.

आणि त्याच्याही आधी, २०११ मध्ये, मध्य डेव्हनमध्ये कुंपण घालून एका छोट्या ओढ्यावर एक जोडी सोडली होती. दोनशे मीटरही नसेल त्या ओढ्याच्या तुकड्यात त्यांनी १३ तळी केली, हजार घनमीटरवर पाणी धरलं, म्हणजे दहा लाख लिटर. एक्झेटर विद्यापीठानं मोजलं तर पुराची कमाल धार सरासरी ३० टक्क्यांनी कमी झालेली, आणि तळ्यांत १०० टनांवर गाळ बसलेला, त्यातला बराचसा वरच्या शेतांतून वाहून आलेला. म्हणजे शेतकऱ्याची माती समुद्राला जायच्या ऐवजी ओढ्यात थांबली.

बांध वाहून जातात का? जातात, इथंही जोरदार पावसात जातात. फरक एवढाच की रात्री तो प्राणी परत कामाला लागतो.

गिरणेचं_पाणी :
@भुसावळकर_डेव्हन ताई, आकडे चांगले दिलेत. गाळाचा मुद्दा तर आपल्याला जास्तच लागू, हतनूर धरणात किती गाळ साठलाय ते सगळ्यांना माहीत आहे. तरी पावसाच्या जोराचा प्रश्न राहतोच.

पांझराकाठ :
आप्पा, ताईंनी जे शेवटचं वाक्य लिहिलं तिथंच मला थांबायचंय. लार्स विल्सन म्हणून स्वीडनचे एक शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६० च्या दशकात बीव्हर पाळून प्रयोग केले. जन्मल्यापासून आईबाप न पाहिलेली पिल्लंसुद्धा मोठी झाल्यावर बांध घालायची, म्हणजे ते रक्तातच आहे. पण सगळ्यात भारी प्रयोग आवाजाचा. नुसत्या स्पीकरवर वाहत्या पाण्याचा खळखळाट लावला, पाणी कुठंच गळत नव्हतं, तरी बीव्हर येऊन त्या स्पीकरवर काटक्या आणि चिखल रचायला लागले. गळती ऐकू आली की बुजवायची, बास.

म्हणजे बीव्हरचा बांध मजबूत असतो म्हणून टिकतो असं नाहीच. कच्चाच असतो. ज्यानं घातला तो शेजारीच राहतो आणि रोज कान देऊन ऐकतो म्हणून टिकतो. कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात आठशे मीटरच्या आसपास लांबीचा बांध आहे, उपग्रहाच्या चित्रांत दिसला २००७ मध्ये. माणूस नाही, सिमेंट नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची डागडुजी आहे फक्त.

साक्रीचे_नाना :
पांझराकाठ, तू हे लिहिलंस म्हणून मी लिहितो, नाहीतर मी नुसता वाचत असतो.

आपल्या पांझरेवरचे फड बंधारे तीनचारशे वर्षांचे म्हणतात. ठेंगणे दगडी बंधारे, नदीच्या पात्रात जिथं मूळचाच खडक वर आलेला असेल तिथं जागा धरून बांधलेले, पुराचं पाणी वरून जायचं. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि गावचं भिजणारं रान फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी आलं तर एखादा फडच त्या वर्षी भिजवायचा नाही, म्हणजे तोटा सगळ्यांना थोडाथोडा. पंच मंडळी ठरवायची, हवालदार आणि पाटकरी पाणी सोडायचे, जागले राखण करायचे, त्यांना शेतकरीच मोबदला द्यायचे. आणि वर्षाला पाटाचा गाळ काढायला आणि बंधाऱ्याची झीज बुजवायला सगळ्या फडकऱ्यांनी उतरायचं, ते चुकवायचं नाही. 

ते दगड काही जादूचे नव्हते. त्याला माणसं लागून होती. वर धरणं झाली, काठानं विहिरी अन् मोटारी झाल्या, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात आलं, मग पाट कोण काढणार. बंधारे अजून उभे आहेत बरेच. पाट बुजले. तुझ्या बीव्हरचं वाचून मला तेच वाटलं, बीव्हर गेला अन् बांध फुटला. इथं पंच गेले.

मायबोली_चाळीसगाव :
नाना, नमस्कार. असंच लिहित ऱ्हा.

सातपुडा_पायथा :
नानांच्या पोस्टला हजार लाईक. मी यावलच्या बाजूला पाणलोटाच्या कामांवर असतो, एक गोष्ट रोज बघतो, सिमेंट नाला बांधाला निधी लगेच मिळतो कारण त्याचा फोटो निघतो, बोर्ड लागतो. दुरुस्तीला निधी नसतो. पाचसात वर्षांत बांध गाळानं तोंडापर्यंत भरतो आणि पुढं कोणी बघत नाही. वरच्या नाळीत अनघड दगडी बांध घालायचे, फांद्यांचे बांध घालायचे, समतल चर घ्यायचे हे स्वस्त काम, पण ते दरवर्षी हात लावायचं काम असतं म्हणून कोणाला नको असतं.

वणव्याचं पण सांगतो, कारण आमच्याकडं फेब्रुवारीपासून डोंगर पेटायला लागतात. एमिली फेअरफॅक्स नावाच्या संशोधक आहेत अमेरिकेत, त्यांनी २०२० मध्ये पश्चिम अमेरिकेतल्या पाच मोठ्या वणव्यांचे उपग्रहाचे फोटो तपासले. जिथं ओढ्यावर बीव्हरचे बांध होते तिथला काठ आगीतही हिरवा राहिलेला, बांध नसलेल्या ओढ्यांच्या काठाला त्याच्या साधारण तिप्पट झळ बसलेली. ओली जमीन पेटत नाही, एवढं साधं आहे ते. आपल्या सातपुड्याच्या नाळी मार्चपर्यंत ओल्या राहिल्या तर जनावरांना वणव्यात जायला जागा तरी राहील.

केळीबाग_रावेर :
मी केळीवाला, पाण्याचं दुःख मला विचारा. वडिलांच्या काळात विहिरीवर भागायचं, आता बोअर कुठवर खाली न्यायची याला अंत नाही. तुम्ही सगळे नाल्याचं बोलताय, पण आमच्याकडं तर शिरपूर पॅटर्नसारखं नाले खोल करा असंच सगळे म्हणतात. आणि बीव्हर म्हणतो नाला उथळ पाहिजे. मग खरं काय धरायचं? पोकलेन बोलवायचं का नाही?

गिरणेचं_पाणी :
@केळीबाग_रावेर भाऊ, यात जमीन कुठली हे आधी बघावं लागतं. तापीकाठचा गाळाचा पट्टा वेगळा. शिरपूरला २००४ नंतर जे काम झालं त्यामागचं भूशास्त्र असं, की वरची पिवळी चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही, तिच्याखाली वाळू-गोट्यांचे थर आहेत ते रिकामे झालेत, म्हणून पिवळा थर फोडून नाला खोल-रुंद करायचा आणि ओळीनं बंधारे घालायचे. तिथं विहिरींना पाणी वाढल्याचं लोक सांगतात. पण तेच पोकलेन साक्री-पिंपळनेरकडच्या काळ्या खडकात चालवलं, किंवा जिथं नाल्यात वाळूचा थर चांगला होता तिथं तोच उकरून काढला, तर फायदा सोडा नुकसान होतं. आणि नुसता खोल केलेला नाला म्हणजे आजूबाजूच्या रानातलं पाणी ओढून घेणारा चर. पांझराकाठनं वर लिहिलंय ना, ओढा खोल गेला की काठची जमीन सुकते, ते भूजलाचं गणित इथंही तेच.

तुमच्या रावेरला तर देवाची देणगी आहे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला बझाडा पट्टा, दगडगोट्यांचा. डोंगरातून सुकी, भोकर या नद्या येतात त्यांचं पाणी त्या पट्ट्यात पटकन मुरतं. ते तिथं जितकं रेंगाळेल तितकं खाली केळीच्या पट्ट्याला मिळेल. तिथं पाणी हळू करायचं काम व्हायला पाहिजे, आणि त्या कामाला ठेंगणे, गळके, पुष्कळ बांध हेच बरोबर. एवढं मी मान्य करतो.

पांझराकाठ :
आप्पा, हेच माझ्या मनात होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत. बीव्हरही मोठ्या नदीच्या मुख्य धारेत बांध घालत नाही, तिथं तो नुसता काठात बीळ करून राहतो. बांध घालतो छोट्या ओढ्यांवर, वरच्या अंगाला.

आणि माणसांनी हे करून बघितलंय. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये ब्रिज क्रीक नावाचा ओढा आहे, खोल घळ झालेला. तिथं तळात लाकडी खुंट ठोकले, त्यात विलोच्या फांद्या विणल्या, मुद्दाम कच्चे बांध केले. आजूबाजूचे बीव्हर आले आणि त्यांनी ते खुंट धरून स्वतःचे बांध वाढवले. गाळ साचून तळ वर आला, भूजल वर आलं, स्टीलहेड माशाची पिल्लं वाढली. याला आता तिकडं नावच पडलंय, नकली बीव्हर बांध. आपल्याकडं खुंटात फांद्या विणायला नवं काही शिकायचं नाही, कुडाची भिंत घालणारी माणसं अजून गावोगाव आहेत.

भुसावळकर_डेव्हन :
याच्यावरून आठवलं, २०२५ च्या सुरुवातीला चेक प्रजासत्ताकातली बातमी होती. ब्रदी नावाच्या संरक्षित भागात ओढ्यावर बांध घालून पाणथळ परत आणायचा सरकारी प्रकल्प २०१८ पासून जमिनीच्या आणि परवान्यांच्या भानगडीत अडकलेला. तेवढ्यात आठ बीव्हरांनी नेमक्या त्याच जागी बांध घालून पाणथळ करून टाकली, सरकारचे सुमारे ३ कोटी क्राउन वाचले. अधिकाऱ्यांनीच सांगितलं की जागा त्यांनी बरोबर निवडल्यात.

पण सगळं गोड आहे असंही नाही हं. इथल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत, सखल शेतात पाणी चढतं, फळझाडं कुरतडली जातात. मग झाडाला जाळी लावतात, बांधातून पाइप काढून तळ्याची पातळी खाली ठेवतात, पाइपचं तोंड लांब पाण्याखाली जाळीत असतं म्हणजे बीव्हरला खळखळ ऐकू येत नाही आणि तो बुजवत नाही. नदीकाठची थोडी पट्टी पाण्याला सोडून द्यायला शेतकऱ्याला पैसे द्यावेत अशी मागणीही आहे. मला वाटतं आपल्याकडं भांडण इथंच होईल. नाल्याला पसरायला जागा कोण देणार?

केळीबाग_रावेर :
ताई, खरं बोललात. आमच्याकडं नाल्याच्या कडेपर्यंत केळी लावलेली, नाल्यातही लावतात काही जण. नाला पसरला तर पहिलं नुकसान त्याच माणसाचं, आणि पाणी वाढणार खाली दोन मैलावरच्या विहिरीला. त्याला भरपाई दिल्याशिवाय तो काय म्हणून ऐकेल. मी स्वतः काठचा अर्धा एकर मोकळा सोडायला तयार आहे, पण एकट्यानं सोडून उपयोग काय.

साक्रीचे_नाना :
@केळीबाग_रावेर एकट्यानं नाहीच होत. फड एकट्याचा नव्हता. बारीपाड्याला जाऊन या, आमच्याच तालुक्यात आहे. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ती याच कामाची, गावानं आधी जंगल राखलं, कुऱ्हाड बंद केली, नियम केले, दंड ठेवला, राखणदार नेमले, आणि बांध-चर त्याच्या जोडीनं केले. आधी गाव बसलं, मग पाणी बसलं. 

विद्यार्थी_जळगाव :
मी पक्षी बघायला हतनूरच्या बॅकवॉटरला जातो, थंडीत तिथं बदकांचे थवे असतात, चक्रवाक तर हमखास, आणि ते सगळे उथळ, गवताळ काठाला असतात, खोल पाण्यात फार कमी. तसं उथळ पाणी गावोगाव नाल्यांत डिसेंबर-जानेवारीपर्यंत राहिलं तर केवढे पक्षी उतरतील. दादा, आमच्या कॉलेजचे पोरं श्रमदानाला तयार आहेत. काठावर काय लावायचं सांगा, विलो तर आपल्याकडं नाही ना?

सातपुडा_पायथा :
@विद्यार्थी_जळगाव आहे की. वाळुंज म्हणतात ना, तो विलोच्याच कुळातला, ओढ्याकाठी वाढतो, फांदी ओल्यात खोचली तरी धरतो. मिळाला तर उत्तम, आता फार कमी राहिलाय. नाहीतर निर्गुडी, ती फांदीवर येते, जनावर खात नाही, मुळ्या माती धरतात. काठावर थोडं वर करंज, जांभूळ, उंबर. पाण्याच्या कडेला लव्हाळा आपोआप येतो, तो काढू नका, नाला साफ करायच्या नादात पोरं पहिले तेच उपटतात. बेशरम मात्र लावू नका, ती आधीच सगळीकडं माजलीय.

खुंट आणि फांद्यांचे बांध मे अखेरपर्यंत वरच्या बारक्या नाळीतच घाला, कमरेपेक्षा उंच नको, मधे खोलगट ठेवा म्हणजे पाणी मधून जाईल, काठ कापणार नाही. निर्गुडीचे खुंट पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर. जागा वनखात्याच्या हद्दीत असेल तर परवानगी घ्या किंवा त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेबरोबर करा. आणि श्रमदान एका रविवारचं ठेवू नका, प्रत्येक मोठ्या पावसानंतर कोण जाऊन बांध बघणार त्यांची नावं आधी ठरवा, ती नावं ठरली की मला मेसेज करा, मी नाळ दाखवायला येतो.

केळीबाग_रावेर :
त्या यादीत माझं नाव धरा. ट्रॅक्टर माझा.